अण्णांचा अठ्ठावीसांचा कळप

बॅटरीला हात लावायच्या आधी अण्णा अंगावरचा सगळा धातू उतरवून ठेवत. मनगटातलं चांदीचं कडं, अंगठी, घड्याळ, करदोट्याला अडकवलेली कपाटाची किल्ली. तारेच्या काड्यांचा चष्मा काढून जुना प्लॅस्टिकचा लावत. त्यातून त्यांना जरा कमी दिसे, पण तेवढं ते चालवून घेत. सगळ्यात शेवटी सदरा, कारण त्याला पितळी बटणं होती. मग बनियन-पायजम्यावर उभे राहून ते दहा पावलांच्या आत असलेल्या प्रत्येकाकडे आळीपाळीनं बघत आणि म्हणत, "आता तुमचं."

पहिल्यांदा माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी घड्याळ काढलं, बांगड्या काढल्या आणि थांबले. अण्णा गळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्ये बी."

"अण्णा, मी लांब उभी राहते."

"लांब ऱ्हानारी मानसंच वाकून बघायला येत्यात, ताई. काढा."

बाजेवर बसलेल्या त्यांच्या बायकोनं, गौरामावशींनी, डावा हात कपाळावर मारून घेतला. मंगळसूत्र काढायला सांगणारा पुरुष त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नसावा. अण्णा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "अगं, काढलं म्हनून नवरा मरत न्हाय. घातलं म्हनून बायको मरंल. कंचं बरं?" मी मंगळसूत्र काढून पर्समध्ये टाकलं. मला ते पटलं होतं.

सिदराम अण्णा होटगीत राहत. घराणं मेंढपाळाचं; वडील आणि चुलते अक्कलकोटच्या अंगाला कळप घेऊन फिरायचे, आणि अण्णाही चौदा-पंधरा वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या मागे फिरले. मग रेल्वेत लागले. डब्यांतले दिवे आणि पंखे ज्या बॅटऱ्यांवर चालतात त्या तपासायच्या, भरायच्या, बदलायच्या, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. बोलणं कमी. जे बोलत त्यात मेंढरं आणि बॅटऱ्या यांची इतकी सरमिसळ असे की पहिले काही दिवस हे नेमके कशाबद्दल सांगताहेत ते मला कळत नसे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोलापुरात राहते आणि पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. गौरामावशींना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणं एकेका शब्दावर आलं होतं. मी मंगळवारी आणि शुक्रवारी होटगीला जात असे. वाटेवर आणि कुंभारीकडे आणखी पाच-सहा पेशंट होते. ही सगळी फिरती माझ्या गाडीवर चाले. गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. परदेशी जाताना भावानं ती माझ्या गळ्यात घातलेली. तेव्हाच ती जुनी होती, पण मला तिनं कधी त्रास दिला नव्हता.

एका शुक्रवारी मी निघताना अण्णा गाडीपाशी आले, मागचं दार उघडून त्यांनी सीटला कान लावला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग म्हणाले, "ताई, गाडीला ताप हाय."

"एसीचा आवाज असेल."

"एसी फुडं. ह्यो पंखा मागं बोंबलतोय. जनावर धापा टाकतंय की."

मी हसून निघाले. पुढच्याच आठवड्यात समोरच्या काचेखाली लाल त्रिकोण पेटला आणि गाडीनं मान टाकली. शोरूममधल्या माणसानं तपासलं, बॅटरी संपल्याचं सांगितलं आणि नवीन बसवण्यापेक्षा गाडी मोडीत काढलेली बरी, असंही सुचवलं.

मी रिक्षानं होटगीला गेले आणि अण्णांना सरळ सांगितलं की पुढच्या महिन्यापासून मला फक्त शहरातले पेशंट करता येतील. ते सांगताना मला बरं वाटलं नाही, पण खोटी आशा दाखवणं माझ्या कामात बसत नाही. झटक्यानंतरचे पहिले काही महिने महत्त्वाचे असतात. त्या काळात जे परत येतं ते येतं. नंतर फार कष्टानं येतं, किंवा येत नाही. मावशींना चौथा महिना चालू होता. धरून उभ्या राहत, पण पाऊल उचलत नव्हत्या. उजव्या हाताची मूठ वळलेली होती आणि ती उघडायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. पाण्याचा ग्लास त्या हातानं उचला म्हटलं की डाव्या हातानं उचलून पिऊन टाकत आणि माझ्याकडे बघत, आता काय करशील, अशा नजरेनं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमी आला न्हाय तर ही अशीच ऱ्हानार?"

"व्यायाम तुम्ही करून घ्या. मी लिहून देते."

"माजं ऐकती व्हय ही? चाळीस वर्सांत ऐकलं न्हाय." मग म्हणाले, "गाडी हितं आनून टाका."

"अण्णा, ही रेल्वेची बॅटरी नाही."

"करंट त्योच की. रेल्वेत एकशे धा व्होल्ट होता, हितं दोनशे. जरा जास्त घाबरायचं, एवढंच."

गाडी मी ओढून आणवली आणि त्यांच्या पडवीसमोरच्या लिंबाखाली लावली. घरी नवऱ्यानं विचारलं, "कुणी केलंय का असं आधी?" मी म्हटलं, नसेल. "मग?" मग काय, दुसरा मार्ग नव्हता.

अण्णांची तयारी मात्र माझ्या अपेक्षेपेक्षा पुढची निघाली. मोबाइलवर परदेशातल्या लोकांचे बॅटरी खोलण्याचे व्हिडिओ ते आवाज बंद करून बघत. इंग्रजी येत नव्हतं. "भाषा कळत न्हाय, हात कळत्यात," ते म्हणत. रेल्वेतल्या जुन्या ओळखीतून त्यांनी जाड रबरी हातमोजे आणले होते आणि वापरायच्या आधी दर वेळी त्यात फुंकर भरून, पिळून, कुठं हवा सुटते का ते गालाला लावून बघत. गाडीचा नारिंगी रंगाचा सुरक्षेचा प्लग काढल्यावर दहा मिनिटं कशालाही हात लावायचा नाही, हा नियम. घड्याळ उतरवून ठेवलेलं, म्हणून वेळ विचारायची ती मावशींना. "किती झाली?" मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सावकाश सांगत, "पा...च." अण्णा म्हणत, "अजून पाच. मरायची घाई न्हाय." मीटरनं तपासताना त्यांचा डावा हात पायजम्याच्या खिशात असे. कामाला दोन हात, तपासायला एकच, असं ते सांगत. दोन्ही हात एका वेळी तारांना लागले की करंट छातीतून जातो, म्हणून.

अण्णा मागची सीट काढायला गेले तेव्हा चोरी पकडली गेली, आणि चोर मी निघाले. सीट खराब होऊ नये म्हणून मी तिच्यावर आपली सोलापुरी चादर अंथरली होती, चांगली जाड, दोन्ही बाजूंनी खोचून. आमच्याकडे नवी गाडी घेतली की आधी चादर टाकतात, मग पूजा करतात. त्या सीटच्या कडेला एक जाळी होती, बॅटरीला गार हवा मिळायची वाट. चादरीनं ती पूर्ण झाकली होती. आतल्या पंख्यावर चादरीच्या सुताचा इतका केर बसला होता की अण्णांनी तो बोटानं ओढला तेव्हा सबंध थर पापुद्र्यासारखा सुटून आला.

"दोन वर्सं उन्हात जनावराच्या तोंडावर गोधडी टाकली तुमी," अण्णा म्हणाले.

मावशींना हसू आलं. अर्ध्या चेहऱ्यानं, पण आलं.

आत एकाला एक खेटून बसवलेले अठ्ठावीस सेल होते. प्रत्येक साधारण वहीएवढा, काळा, चपटा. सेल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढला होता. तो अण्णांनी लिंबू आणि मिठानं घासून काढला आणि पट्ट्या धुऊन कोरड्या केल्या. मग मीटर लावला. सव्वीस सेल जवळजवळ सारखा आकडा दाखवत होते. उरलेल्या दोन सेलांचा आकडा एका व्होल्टनं कमी होता. अण्णांनी त्यांच्यावर गेरूनं फुली मारली. "ह्ये दोन मेलेत."

"म्हणजे बाकीचे चांगले?"

"बसलेलं मेंढरू लंगडं दिसतंय व्हय? चालवून बघावं लागतंय." त्यांनी मीटर बाजूला ठेवला. "मेलेलं कंचं आनि दमलेलं कंचं, एवढं कळलं की निम्मं काम झालं. मेलेलं काढायचं. दमलेल्याला पळवायचं, चारायचं, परत पळवायचं. एक जरी लंगडं ऱ्हायलं तर समदा कळप त्येच्या चालीनं चालतोय."

प्रत्येक सेल भरायचा, मग त्यावर मोटारीचा बल्ब लावून रिकामा करायचा, परत भरायचा. असं तीन वेळा. भरताना तो दोन लाकडी फळ्यांमध्ये नट-बोल्टनं आवळून ठेवायचा, नाहीतर ओला चारा खाल्लेल्या जनावरासारखा फुगतो. सुटा सेल आठ व्होल्टच्या आसपास, त्यानं माणसाला काही होत नाही. एका वेळी चार सेल लावता येतील असा एक फळा अण्णांनी केला होता. चार बल्ब, चार खटके. एकच अडचण होती. बल्ब मंदावला की लगेच खटका बंद करायचा. तसाच जळत ठेवला तर सेल कायमचा जातो. चांगला सेल दोन तास काढे, दमलेला पाऊण तासात बसे. कुठला कधी मंदावेल ते सांगता येत नव्हतं. अण्णांना स्वयंपाक, पाणी, मावशींचं सगळं करायचं असे. दिवसभर फळ्यासमोर बसणार कोण?

बाजेवर बसणारं एक माणूस घरात होतंच.

फळा मी मावशींच्या उजव्या बाजूला लावायला सांगितला. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता खिळे ठोकले. मावशींना त्यांनी एवढंच सांगितलं, "दिवा बसला की खटका पाड. येळेवर न्हाय पाडला तर सेल मेला. सेल मेला तर ताई यायच्या बंद."

पहिल्या दिवशी त्यांनी डावा हात आडवा टाकून बघितला. पोचला नाही. बल्ब मंदावत चालला. मी मुद्दाम खुर्चीवरून उठले नाही. मावशींनी मला एक शिवी दिली. पूर्ण, स्पष्ट, आजारपणात त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो सगळ्यात स्वच्छ शब्द. मग त्यांनी उजवा खांदा उचलला, वळलेल्या मुठीनं खटक्यावर धपकन मारलं, आणि तो पडला. चौथ्या दिवशी मूठ थोडी सैल होती. आठवड्यानं त्या अंगठ्याच्या कडेनं खटका पाडायला लागल्या. ग्लास पळून जात नाही, म्हणून ग्लास त्यांना कधी खरा वाटला नव्हता. दिवा खरोखर विझत होता. सव्वीस सेल, तीन फेऱ्या. मेलेल्या दोन सेलांच्या जागी पुण्याहून भंगारातल्या गाडीचे दोन सेल मागवले, त्यांच्याही फेऱ्या. इतके व्यायाम मी कुठल्याही पेशंटकडून हात जोडूनही करून घेतलेले नाहीत.

पंधरा-सोळा दिवसांनी प्रत्येक सेलवर खडूनं त्याची मिनिटं लिहिलेली होती. बहुतेक सगळे सुधारले होते. पाच मात्र जेमतेम होते. अण्णांनी ते पाच बरोबर मध्यभागी बसवले आणि दोन्ही बाजूंना दणकट सेल लावले.

"दुबळं मधी घालायचं," त्यांनी मला समजावलं. "लांडगा येतो त्यो कडंला येतोय. कडंला धट्टीकट्टी पायजेत."

ऐकायला अगदी बरोबर वाटलं. मी मान हलवली. चादर घरी ठेवली, गाडी चालू केली. लाल त्रिकोण नाही. कुंभारीपर्यंत जाऊन आले. अण्णांनी कडं परत मनगटात चढवलं आणि चहा टाकला.

नऊ दिवस गाडी चालली. दहाव्या दिवशी, एप्रिलच्या भर दुपारी, होटगीच्या अलीकडे त्रिकोण परत पेटला. गाडी कशीबशी लिंबापर्यंत नेली. मला राग आला होता. अण्णांचा नव्हे, स्वतःचाच, की आपण या सगळ्यावर विश्वास ठेवला. मी म्हटलं, "अण्णा, पुरे झालं. तुम्ही केलंत ते खूप केलंत. या शुक्रवारी मी शेवटची येते."

अण्णांनी कडं काढलं. अंगठी काढली. घड्याळ, किल्ली, चष्मा, सदरा. प्लग ओढला. मावशींनी न विचारता भिंतीवरची दहा मिनिटं मोजली. झाकण उघडल्यावर अण्णांनी हातमोजा घातलेला हात सेलांवरून सावकाश फिरवला, मग सगळं सुटं केल्यावर उघड्या हाताची मागची बाजू. कडेचे सेल कोमट. मधले पाच तापलेले, तव्यासारखे. ते तिथंच उकिडवे बसले. इतका खचलेला माणूस मी माझ्या पेशंटच्या घरांतून पुष्कळदा बघितला आहे. अण्णांना तसं बघायची मला सवय नव्हती.

"कडंला ठेवायला पायजे हुती दुबळी?" ते स्वतःशीच म्हणाले. "पन दुबळं कडंला ठेवतंय कोन?"

मावशी बाजेवर पुढं सरकल्या. त्या बोलायला लागल्या की आम्ही दोघं थांबत असू, कारण शब्द यायला वेळ लागे.

"हिवाळा... न्हाय," त्या म्हणाल्या. थांबल्या. "उन्हाळा हाय... येड्या. उन्हाळ्यात... मेंढरं... मुंडी खुपसत्यात. मधलं... मरतंय."

मावशीही मेंढपाळाच्याच घरच्या. उन्हाच्या वेळी मेंढरं सावलीसाठी एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गच्च उभी राहतात, आणि मधलं जनावर गुदमरतं. मग धनगर काठी घेऊन त्यांना फोडून लांब लांब उभं करतो. हे अण्णांनी मला नंतर समजावलं. त्या क्षणी ते फक्त म्हणाले, "म्हातारी बरोबर बोलली. मी थंडीतला कळप लावला की. मधी ऊब असती. मेंढराला ऊब पायजे, ह्येस्नी गारवा."

मला त्यातलं बॅटरीचं काही कळलं नाही. मी मात्र मनात शब्द मोजत होते. मावशी अकरा शब्द बोलल्या होत्या. त्यात एकसुद्धा अडला नव्हता, फक्त उशिरा आले होते.

अण्णांनी त्याच दुपारी सेल परत मांडले. दुबळे पाच दोन्ही टोकांना, जिथं हवा लागते, दणकट मध्ये. वायरी, पट्ट्या, नट, एकेक करून. उलटसुलट बाजू चुकू नये म्हणून प्रत्येक सेल बसवताना मोठ्यानं बोलत होते, "हिकडं तोंड, तिकडं शेपूट." मावशी बाजेवरून, "व्हय," म्हणत होत्या, आणि दोनदा, "न्हाय," म्हणाल्या. दोन्ही वेळा त्या बरोबर होत्या.

मी शुक्रवारी गेले. त्यानंतरच्या मंगळवारीही गेले. मे महिना गेला, त्रिकोण पेटला नाही. अण्णा दर खेपेला मागच्या सीटला कान लावत आणि, "निजलंय," म्हणत. जून संपताना मावशींनी पहिलं पाऊल टाकलं. सप्टेंबरात त्या पडवीतून लिंबापर्यंत काठीनं जायला लागल्या, आणि वाटेत अण्णा आधाराला पुढं झाले की काठी उगारायला लागल्या.

दिवाळीच्या आधीच्या एका शुक्रवारी मी पोचले तर दोघं अंगणात बसले होते. मावशी उजव्या हातानं शेंगा फोडत होत्या. निम्म्या शेंगा खाली सांडत होत्या, आणि त्या सांडलेल्या वेचून अण्णा खात होते. मी बॅग खाली ठेवली तसे अण्णा उठले आणि म्हणाले, "ताई, आता येऊ नका."

"का हो?"

"काम झालं. ही सोताचं सोता करती. माजंबी करती. ही येळ आता दुसऱ्या कुनाला द्या, ज्येचं नडलंय त्येला."

मी मावशींकडे बघितलं. त्यांनी शेंग फोडली. "चा... पिऊन जावा," त्या म्हणाल्या, "मग नका येऊ."

माझ्या कामात पेशंट दोनच प्रकारे सुटतो, बरा होऊन किंवा जाऊन. ज्या प्रकाराबद्दल बोलत नाहीत तो मी बराच बघितलेला आहे. म्हणून त्या दिवशी चहा पिताना मला काय वाटलं ते फार फुलवून सांगत नाही. मोकळं वाटलं. खांद्यावरून काहीतरी उतरवून ठेवल्यासारखं.

पुढच्या वर्षी दोघं टेंभुर्णीला मुलीकडे राहायला गेले. फोन येतो कधीतरी. बोलतात मावशीच, अण्णा मागून दुरुस्त्या सुचवतात. सेल बदलल्यापासून गाडीचा हा तिसरा उन्हाळा. कुंभारीला जाताना अजून कधी विचाराच्या नादात होटगीच्या रस्त्याला वळायला बघते. मग आठवतं की तिथं आपल्याला आता कुणी बोलावलेलं नाही, आणि मी हसत सरळ पुढं निघून जाते.